बर्चच्या खोडातला दोरा

शेंड्याला पानं आली नाहीत, हे मला स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसलं. ऑक्टोबर, म्हणजे इथला वसंत, संपत आला होता. खालच्या फांद्या नेहमीसारख्या हिरव्या, आणि वरचा साधारण दीड मीटरचा भाग कोरडा, खराट्याच्या काड्यांसारखा. मी भांडी विसळत होते. ती विसळून झाली, ओटा पुसला, मग गमबूट घालून मागे गेले.

आमच्या मागच्या अंगणाचा तो कोपरा कायम ओला असतो. ऑकलंडच्या न्यू लिन भागातली ही सगळी जमीन चिकणमातीची. इथे पूर्वी विटांच्या भट्ट्या होत्या. अजूनही कुदळ मारली की भाजलेल्या विटेचा एखादा तुकडा वर येतो. वरच्या तीन घरांचं पावसाचं पाणी उतारावरून झिरपत येतं आणि आमच्या कुंपणाशी थांबतं. तिथे बर्च उभा आहे. त्याच्या बुंध्याशी हराकेके, म्हणजे तलवारीसारख्या पानांचं इथलं झुडूप, माझ्या छातीपर्यंत वाढलं आहे. बरीच वर्षं तिकडे कोणी गेलं नव्हतं. ती पानं दोन्ही हातांनी बाजूला केली तेव्हा खोडावरची खाच दिसली. पांढरं खोड कोणीतरी कमरेत आवळून धरल्यासारखं. खाचेत मळकट दोरा होता. काही ठिकाणी तो बाहेर होता, काही ठिकाणी साल त्याच्यावरून चढून गेली होती.

दोरा कोणी बांधला ते मला माहीत होतं. कोणी आणला तेही. मी तिथे काही वेळ उभी राहिले. काही वाटलं नाही. पाणी गमबुटाच्या घोट्यापर्यंत आलं आहे, एवढं लक्षात आलं.

मी एका हॉस्पिटलच्या औषधविभागात काम करते. मोजायचं, तपासायचं, दुसऱ्याकडून तपासून घ्यायचं, हे माझं काम. त्यामुळे असेल, मला माणसंही मापांतून आठवतात. बाबांचा हात म्हणजे बावीस सेंटिमीटरची वीत. ते पाटबंधारे खात्यात होते. आयुष्यभर पाणी मोजलं, तेही माण तालुक्यात, जिथे मोजायला पाणी फारसं नव्हतं. निवृत्त झाल्यावर आईला घेऊन ते पहिल्यांदा ऑकलंडला आले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मागच्या दारात उभे राहून त्या कोपऱ्याकडे बघत राहिले.

"एवढं पाणी नुसतं उभं आहे," ते म्हणाले. चहा निवून गेला तरी ते आत आले नाहीत.

मी त्यांना सांगितलं की तिथे काही जगत नाही. लिंबू लावलं होतं, त्याची मुळं कुजली. फिजोआ, म्हणजे पेरूसारखं इथलं एक फळझाड, लावला, तो पिवळा पडला. शनिवारी आम्ही सगळे नर्सरीत गेलो. तिथल्या बाईंनी सांगितलं, ओल्या जागेत बर्च लावा, तो पाणी पितो, फक्त बुंधा पाण्यात बुडू देऊ नका. कुंडीला लावलेल्या चिठ्ठीवर नाव होतं हिमालयन बर्च. बाबांनी चष्मा वर करून ते दोनदा वाचलं.

"म्हणजे भूर्ज," ते म्हणाले. "हा आपल्याकडचाच आहे की. आपल्या आधी येऊन राहिलाय."

रोप दीड मीटरचं होतं, माझ्या बोटाएवढ्या जाडीचं. त्याचं खोड तेव्हा पांढरं नव्हतं, तपकिरी होतं, आणि आईला वाटलं आपल्याला फसवलं. बाबांनी खड्डा खोल न करता रुंद केला, निघालेली माती कंपोस्टमध्ये कालवून उंचवटा केला आणि त्या उंचवट्यावर रोप बसवलं. बाजूने एक छोटा पाट काढला. पाट म्हणजे जेमतेम वीतभर रुंदीचा चर, पण त्याचा उतार त्यांनी बाटलीत पाणी भरून आडवी धरून तपासला. माझा नवरा मिलिंद छत्री घेऊन उभा होता. "मिलिंदराव, छत्री माझ्यावर नको, बाटलीवर धरा," बाबा त्याला म्हणाले. खणलेल्या चिकणमातीचा तेव्हाचा वास मला अजून सांगता येईल. लोखंड आणि भिजलेला माठ. आई त्या मातीचा गोळा हातात घेऊन म्हणाली होती, याचा गणपती छान होईल.

त्यानंतर ते दर वर्षी येत. ईस्टरच्या सुमाराला यायचे आणि आमचा वसंत सुरू झाला की जायचे. त्यामुळे बर्चची तीन रूपं त्यांच्या वाट्याला आली. मे महिन्यातला पिवळा, जूनपासूनचा उघडा आणि सप्टेंबरमधला नुकता पालवलेला. भर उन्हाळ्यात तो कसा दिसतो, त्याची सावली कुठपर्यंत पडते, त्याचं बारीक बी वाळत घातलेल्या कपड्यांत, पन्हळीत, चहाच्या कपात कसं येऊन पडतं, हे त्यांनी कधी पाहिलंच नाही. मी फोनवर सांगायचे. ते विचारायचे, "घेर किती?"

घेर हा त्यांचा ठरलेला कार्यक्रम होता. विमानतळावरून घरी आले, बूट काढले, पाणी प्यायले, की आईच्या शिवणाच्या डब्यातली टेप घेऊन मागे जायचं. ती पिवळी, कडा उसवलेली टेप आईबरोबर दर वर्षी सामानातून यायची. बाबा टेप खोडाभोवती फिरवून धरत. आकडा त्यांना दिसत नसे, चष्मा आत राहिलेला असे. मग मला हाक. मी वाकून वाचायचे.

"किती?"

"एकवीस."

"म्हणजे वीतभर." आणि लगेच आपली वीत खोडाला लावून बघत, टेप खोटं तर बोलत नाही ना म्हणून. पुढच्या वर्षी सवा वीत. त्याच्या पुढच्या वर्षी दीडला थोडी कमी. आई स्वयंपाकघरातून म्हणायची, "नातीची उंची एवढ्या वेळा मोजली असतीत तर तिला बरं वाटलं असतं."

साल सुटायला लागली तेव्हा सई, आमची मुलगी, शाळेत होती. कागदासारखे पातळ पदर, बाहेरून पांढरे, आतून फिकट केशरी. बाबा ओढून काढू देत नसत. आपणहून सुटलेला तेवढाच पदर घ्यायचा. त्यावर बॉलपेनने ते सईकडून अक्षरं लिहून घेत. शाई पसरायची. सई मराठी ऐकायची आणि उत्तर इंग्रजीत द्यायची. "आबा, वी हॅव पेपर," ती म्हणायची. बाबा म्हणायचे, कागद वर्षाला फाटतो, हे टिकतं. ते पदर आता कुठे आहेत मला माहीत नाही. घर दोनदा रंगवून झालं, त्यात कधीतरी गेले असतील.

एकदा ऑगस्टच्या शेवटी त्यांनी खालची एक फांदी छाटली आणि कापाच्या जागेतून पाणी ठिबकायला लागलं. थांबेचना. बाबा घाबरले. मग त्यांनी खाली तांब्या टांगला. सकाळी तांब्यात चार बोटं पाणी होतं. ते त्यांनी सगळ्यांना चमचा चमचा दिलं. अगदी पाण्यासारखं, शेवटी किंचित गोड. "हिमालयाचं तीर्थ," मिलिंद म्हणाला, आणि आईने खरंच ते डोळ्यांना लावलं.

वटपौर्णिमा इथे थंडीत येते. पहिल्या वर्षी आई माझ्या मैत्रिणींबरोबर एका बागेत गेली होती. तिथे वडाच्या जातीचं एक जुनं, अवाढव्य झाड आहे. तिथे चिखलात तिचा पाय घसरला, आणि येताना गाडीत ती म्हणाली की घरी उभं झाड असताना एवढ्या लांब जायला नको. गावी बायका वडाची फांदी तोडून आणून कुंडीत रोवतात, ते तिला कधीच पटलं नव्हतं. भूर्ज म्हणजे पोथ्या लिहायचं झाड, त्याला कमी कोण म्हणेल? तेव्हापासून बर्चला फेऱ्या सुरू झाल्या.

ती हिरवं लुगडं नेसायची, वरून माझा रेनकोट, पायात मोजे आणि मोज्यांवर जॅन्डल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला. अंगठ्याजवळचा मोजा जॅन्डलच्या पट्ट्यात चिमटून घ्यायची. ताटात हळद-कुंकू, गहू, आणि पाच फळं. आंबा नाही, फणस नाही. फिजोआ, मँडरिन, सफरचंद, किवी आणि एक पर्सिमन. उदबत्ती लागायची नाही. कापूर लागायचा, पण वाऱ्याने वाकडा व्हायचा. कापराचा वास आणि शेजारच्या झाडाखाली गळून पडलेल्या फिजोआंचा पिकून आंबलेला वास, असा एकत्र वास मला दुसरीकडे कुठेच आलेला नाही. कुंपणापलीकडून गाडी गेली की रुळांचा आवाज यायचा. मी तिच्या डोक्यावर छत्री धरून तिच्या मागोमाग फिरायचे. मी उपास करत नाही, फेऱ्याही माझ्या नव्हत्या. माझ्या फक्त छत्रीच्या.

बाबा पायरीवर शाल घेऊन बसत. ज्याच्यासाठी चाललंय त्याने बघू नये, असं आई म्हणायची. ते बघायचेच.

"हा बोडका देव कुठून शोधलास?" ते म्हणायचे. जूनमध्ये बर्चवर एक पान नसतं.

"तुमच्याकडे बघूनच निवडला," आई फिरता फिरता म्हणायची. बाबांच्या डोक्यावर तेव्हा टोपी असायची.

सुताचा दोरा इथे टिकत नाही. ऑगस्टपर्यंत तो काळा पडतो, शेवाळ धरतो आणि तुटून गळतो. बाबांना ते खटकायचं. सात जन्मांचा करार आणि दोरा दोन महिन्यांचा, माल हलका आहे, असं ते म्हणत. आई म्हणायची, माल चांगला आहे, हवा ओली आहे. हे बोलणं दर वर्षी व्हायचं, जवळजवळ त्याच शब्दांत.

शेवटच्या वर्षी बाबा आपले आपण चालत दुकानात गेले आणि गवंडी विटांची ओळ सरळ ठेवायला ताणतात ती पांढरी नायलॉनची दोरी घेऊन आले. भिंत बांधून होते तरी ही तुटत नाही, हे त्यांनी खात्यात पाहिलेलं होतं. आईने रीळ हातात घेऊन उलटंसुलटं केलं.

"सुताचाच लागतो," ती म्हणाली.

"हा पक्का आहे. एकदा बांध, पुन्हा बघायला नको."

आईने त्याला हळद लावली. नायलॉनवर हळद बसेना. भुरभुर पावसात ती वाहून तिच्या मनगटापर्यंत आली. तिने सात फेऱ्या घातल्या. शेवटची गाठ तिला मारता येईना, बोटं गारठली होती. "अहो, जरा या," ती म्हणाली. बाबा शाल पायरीवर ठेवून चिखलातून आले आणि त्यांनी गाठ मारली. स्वतःच्या आयुष्यासाठीची गाठ स्वतःच मारणारा नवरा मी पहिल्यांदा बघतोय, असं मिलिंद म्हणाला. त्या दिवशी घेर अडतीस होता.

त्या वर्षी पालवी फुटायच्या आत बाबा गेले.

त्याबद्दल माझ्याकडे लिहिण्यासारखं काही नाही. मी सगळे कागद केले, सगळ्यांना फोन केले, पुढच्या आठवड्यात कामावर गेले. लोक म्हणाले, रडून घे. मी प्रयत्न केला नाही असं नाही. हॉस्पिटलात बधिर करायची औषधं माझ्या हातून जातात. किती मात्रेचा परिणाम किती वेळ राहतो ते मी सांगू शकते. हे कधी उतरेल ते सांगता येत नव्हतं, आणि नंतर मी त्याची वाट बघणंही सोडलं. वाईट नव्हतं ते. आत काही नव्हतं, एवढंच.

आई इथेच राहिली. जेवणाच्या टेबलावर तिची जागा खिडकीसमोरची होती. तिने ती बदलली. कोणाला काही न सांगता ती समोरच्या खुर्चीवर, खिडकीकडे पाठ करून बसायला लागली, आणि आम्ही आमच्या खुर्च्या त्याप्रमाणे सरकवल्या. वटपौर्णिमा कॅलेंडरवर यायची आणि जायची. पाट बुजला. हराकेके वाढलं. टेप शिवणाच्या डब्यातच राहिली. सई वेलिंग्टनला शिकायला गेली. बर्च आपला वाढत होता, दर मेमध्ये पिवळा होत होता, आणि त्याच्याकडे बघणारी मी एकटीच होते, तीही भांडी विसळता विसळता.

झाडं छाटणाऱ्या माणसाला मी बोलावलं. त्याने हात खाचेतून फिरवला. मग सांगितलं की दोरीने झाडाचा गळा आवळला आहे, वर अन्न-पाणी नीट चढत-उतरत नाही. आता दोरी कापली तर वाचेल कदाचित. नाही कापली तर दोन उन्हाळ्यांत मरेल, आणि मग शेजाऱ्यांच्या कुंपणावर पडायच्या आत तोडावं लागेल. जो भाग सालीच्या आत गेलाय तो उकरू नका, त्याने अजून जखम होईल. तो पुढच्या कोणत्याही मंगळवारी येऊ शकत होता.

मिलिंदचं म्हणणं, मंगळवारी आई भजनी मंडळात जाते, तेवढ्यात काम होऊन जाईल, त्यांना कळायचंही नाही. "त्या तर तिकडे बघतही नाहीत," तो म्हणाला. तो वाईट हेतूने म्हणत नव्हता. पण पेशंटला न सांगता मी औषध बदलत नाही. शिवाय हा दोरा आईचा होता. तिने जे मागून तो बांधला ते मिळालं नव्हतं, आणि आता तोच दोरा बाबांनी लावलेलं झाड मारत होता. हे तिला कोणत्या शब्दांत सांगायचं, ते मी आठवडाभर ठरवत होते. तोवर दोरी आणखी रुतत होती.

शेवटी शनिवारी ती मेथी निवडत बसली होती तेव्हा सांगितलं. खिडकीकडे तिची पाठ होती.

"आई, मागच्या बर्चला तो दोरा अजून आहे."

तिचे हात चालू राहिले. "मला वाटलं, गळून गेला असेल."

"नायलॉनचा आहे. तो खोडात रुतलाय. कापला नाही तर झाड मरेल."

ती बराच वेळ पानं खुडत राहिली. काड्या एका बाजूला, पानं एका बाजूला. शेवटची जुडी संपली.

"सुताचा असता तर आपला आपण गेला असता," ती म्हणाली. "यांना घाई, पक्का पाहिजे म्हणून." मग म्हणाली, "कोण कापणार?"

"तो माणूस येईल मंगळवारी."

"परका कशाला? मी बांधलाय."

तिने खुर्ची मागे सरकवली आणि उठली. गमबूट तिला नव्हते. गॅरेजमध्ये बाबांचे होते, ते तिने मोज्यांच्या दोन जोड्या चढवून घातले. बाहेर भुरभुर चालू होती. या वेळी छत्री तिने धरली, माझ्या डोक्यावर, आणि मी तार कापायची पकड घेऊन खाली बसले. हराकेकेची पानं मिलिंदने मागे ओढून धरली.

बाहेर राहिलेला भाग मी कापला. एक टोक हातात आलं आणि ते ओढत मी खोडाभोवती फिरायला लागले, तशी आई म्हणाली, "उलटी फेरी नको घालूस. तुकडे कर." म्हणून तुकडे केले. बोटाएवढे, काही त्याहून लहान. आतल्या बाजूने दोरी अजून पांढरीशुभ्र होती. काही तुकडे निघताना सालीचा ओला आवाज यायचा. कुंपणाच्या बाजूला, जिथे बाबा गाठ मारायला वाकले होते, तिथे दोरी सालीच्या आत गेली होती आणि वर एक गाठीएवढा फुगवटा होता. मी पकडीचं टोक तिथे लावलं.

"ती यांनी मारलेली आहे," आई म्हणाली. "ती राहू दे."

"तो माणूसही तेच म्हणाला. उकरू नका म्हणाला."

"मग झालं तर."

ओंजळभर तुकडे निघाले. आईने ते निरखून पाहिले. हे काही निर्माल्य नाही, पाण्यात सोडायचं नाही, म्हणाली आणि मिलिंदच्या हातात देऊन ते कचऱ्याच्या डब्यात टाकायला सांगितलं. मग छत्रीही त्याच्याकडे दिली आणि अंगावर चढवलेल्या माझ्या रेनकोटाच्या खिशात हात घातला. खिशात टेप होती. पिवळी, कडा उसवलेली. उठल्यावर ती आधी शिवणाच्या डब्याकडे गेली होती, हे मी पाहिलं नव्हतं.

तिने टेप खोडाभोवती फिरवली, खाचेच्या जरा वर, आणि दोन्ही टोकं जुळवून अंगठ्याखाली दाबून धरली. ती चष्मा लावूनच बाहेर आली होती. तरी माझ्याकडे बघून म्हणाली,

"किती?"

मी वाकले. आकडा स्पष्ट दिसत होता. टेपवर थेंब साचले होते, ते मी बोटाने पुसले, तरी तोच आकडा. मी तो वाचला होता. तो तोंडातून बाहेर येईना. नाकातून पाणी यायला लागलं, तेव्हा मला वाटलं पाऊसच आहे.

आईने थोडी वाट पाहिली. मग टेप सोडून दिली, खोडाला तळहात लावला आणि वितीने मोजायला लागली. अंगठा, करंगळी. अंगठा, करंगळी. तिची वीत बाबांपेक्षा लहान आहे. किती, ते मी कधी मोजलेलं नाही.

"दोन वीत," ती म्हणाली, "आणि वर चार बोटं."

"सत्तेचाळीस," मी म्हणाले.